खड्याबरोबर वाटही मोकळी: एका मूत्रविकार विभागाचा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या शहरातील एका जुन्या धर्मादाय रुग्णालयात गेल्या डिसेंबरात माझ्यावर एकाच बैठकीत दोन शस्त्रक्रिया झाल्या. मूत्राशयातला खडा लेसरने फोडून काढला आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आतून सोलून काढली. माझे वय ६९ असून भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३४ वर्षे नोकरी केल्यामुळे दिसेल ते मोजून टिपून ठेवण्याची खोड मला आहे. पुढचे आकडे माझ्या वहीतले आणि फाइलमधल्या कागदांवरचे आहेत. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण काही तक्रारीही आहेत आणि त्या मी तेथे लेखी दिलेल्या आहेत. या दुखण्यासाठी कोणत्याही मूत्रविकार विभागाची पायरी चढणाऱ्याला काय पाहावे आणि काय विचारावे हे समजावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

तेथे पोहोचायलाच मला पावणेदोन वर्षे लागली आणि त्यात दोष माझा जास्त होता. सुरुवातीला रात्री दोनदा उठावे लागे, मग चारदा, एस.टी.त बसण्याआधी स्थानकावरचे स्वच्छतागृह शोधायचे आणि लग्नाच्या मांडवात कडेची खुर्ची धरायची, असे दिवस आले. हे सारे वयाच्या खात्यावर टाकता येण्यासारखे होते. टाकता न येण्यासारखी गोष्ट नंतर सुरू झाली. उभ्याने लघवी करताना चांगली लागलेली धार मध्येच तोडल्यासारखी थांबे, पुढे टोकाशी कळ उठे, आणि जरा वाकून किंवा बसून पाहिले की धार पुन्हा सुरू होई. पुढे तीन वेळा उन्हाळी लागली, एकदा शेवटच्या थेंबांत रक्त दिसले, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीला पाठवले. अहवालात तीन ओळी महत्त्वाच्या होत्या: मूत्राशयात २.६ सेंटिमीटरचा खडा, प्रोस्टेटचे वजन अंदाजे ८४ ग्रॅम, आणि लघवी केल्यानंतरही मूत्राशयात शिल्लक १६० मिलिलिटर. मी फक्त पहिली ओळ वाचली.

खडा म्हटल्यावर आपल्याकडे जे होते ते झाले. कुळथाचे कळण सुरू झाले, शेजाऱ्यांनी कुंडीतली पानफुटी आणून दिली, गोखरू आणि पाषाणभेदाचा काढा आठ महिने घेतला. आठ महिन्यांनी तालुक्याच्या गावी पोटाचा साधा एक्स-रे काढला, तर त्यात खडा दिसलाच नाही. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्रास मात्र तसूभरही कमी झालेला नव्हता, आणि मोजणीच्या कामात जमिनीवर एक आणि नकाशात दुसरे असे आढळले तर पहिल्यांदा नकाशा तपासावा लागतो हे ज्याने आयुष्यभर इतरांना सांगितले, त्याला हे स्वतःच्या बाबतीत सुचू नये याचे आजही नवल वाटते. खडा युरिक अॅसिडचा होता. निव्वळ युरिक अॅसिडचा खडा साध्या एक्स-रेत उमटत नाही, सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतो, हे मला या विभागातल्या पहिल्याच भेटीत कळले.

त्याआधी मी आणखी एका खासगी ठिकाणी जाऊन आलो होतो. तेथे खडा फोडण्याचे ठरावीक रकमेचे पॅकेज होते, एका दिवसात घरी सोडणार होते, आणि प्रोस्टेटचे काय असे विचारल्यावर ‘त्याची गोळी देऊ’ एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर सरसकट चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. ते कोणत्या रुग्णाला लागू पडते आणि मला का नाही, हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आता मूळ विभागाविषयी. पहिला दिवस वाईट गेला. नोंदणी सकाळी साडेआठला झाली, केसपेपर मिळाला आणि सोनोग्राफीसाठी लिटरभर पाणी पिऊन मूत्राशय भरून बसायला सांगितले. त्याच वेळी अपघाताचे दोन रुग्ण आले आणि सोनोग्राफीची रांग जागीच थांबली. प्रोस्टेटच्या रुग्णाला पाणी पाजून अनिश्चित काळ बसवून ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याला नाही त्याला ती शब्दांत देता येणार नाही. बाकावर आम्ही सहा जण होतो, सगळे साठीच्या पुढचे, आणि कोणीही एकमेकांकडे पाहत नव्हते. एकाने गुडघे जवळ घेतले होते, एक जण भिंतीवरची लसीकरणाची पाटी पुनःपुन्हा वाचत होता. सव्वा तासाने माझ्या शेजारच्या गृहस्थांचा धीर सुटला आणि पायजमा भिजला. त्यांच्या सुनेने न बोलता आपली ओढणी त्यांच्या मांडीवर टाकली. तेथे दोन स्वच्छतागृहे होती; त्यांपैकी एकाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मूत्रविकाराच्या विभागात असे घडावे याला मी व्यवस्थेची किरकोळ चूक मानत नाही. अतिशय भरलेल्या मूत्राशयाने अशा रुग्णाची लघवी एकाएकी पूर्ण तुंबूही शकते, तेव्हा हा प्रश्न केवळ लाजेचा नाही.

धारेची तपासणी त्यानंतर झाली. खुर्चीसारख्या आसनाखाली नरसाळे असते आणि त्याला जोडलेले यंत्र लघवीचा वेग सेकंदाला किती मिलिलिटर आहे ते कागदावर वक्ररेषेत उमटवते. निरोगी तरुणाची रेषा एखाद्या गोल टेकडीसारखी चढते आणि उतरते. माझी रेषा नांगरलेल्या रानाच्या कडेसारखी खालीवर होत लांबत गेली, आणि तिचे सर्वांत उंच टोक ६ वर होते. १० च्या खालचा आकडा बहुधा अडथळा सुचवतो. खोलीच्या दाराला कडी नव्हती, त्यामुळे बाहेर पत्नीला राखणीला उभे करावे लागले.

सकाळच्या या साऱ्या वैतागाची भरपाई डॉक्टरांच्या खोलीत झाली. विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी माझा जुना अहवाल हातात घेतल्यावर खड्याची ओळ ओलांडून थेट शिल्लक लघवीच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. ‘काका, तुमचं दुखणं हे आहे. खडा हा त्याचा गाळ.’ मग त्यांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढले. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची असलेली ती वयाबरोबर वाढते आणि मार्गाला आतून आवळते. मूत्राशय जोर लावून लावून आधी जाडजूड होतो, नंतर थकतो, आणि त्यात दर वेळी थोडे मूत्र तुंबून राहते. साचलेल्या मूत्रात क्षारांचे स्फटिक तळाशी बसतात, जंतुसंसर्ग झाला तर त्याला आणखी हातभार लागतो, आणि कणावर कण बसत खडा वाढतो. मूत्रपिंडातून उतरलेला लहान खडाही एरवी धारेबरोबर निघून गेला असता, तो अशा मूत्राशयात अडकून पोसला जातो. कालव्याचे दार अर्धे बंद आणि तळाशी गाळ, हे चित्र मला नव्याने समजावून घ्यावे लागले नाही. गाळ उपसून दार तसेच ठेवले तर पुढच्या हंगामात काय होते, हे आमच्या भागातला कोणताही पाटकरी सांगेल.

काढा आठ महिने घेतल्याचे मी जरा भीतभीतच सांगितले. त्यावर ते रागावले नाहीत की हसले नाहीत. मूत्रनलिकेतला चार-पाच मिलिमीटरचा खडा भरपूर पाण्याने पुष्कळदा आपोआप पडतो आणि श्रेय त्या दिवसांत जे घेतले असेल त्याला मिळते, परंतु अडीच सेंटिमीटरचा खडा या मार्गाने बाहेर येणे शक्यच नाही, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. युरिक अॅसिडचे खडे लघवीतली आम्लता कमी करणाऱ्या औषधाने काही वेळा विरघळतात हे खरे. पण माझ्यासारख्याचे मूत्र तुंबलेलेच राहणार असल्याने त्या भरवशावर महिनोन्‌महिने थांबण्यात अर्थ नव्हता.

तपासण्या त्यांनी एका दमात उरकल्या नाहीत, आणि मला ही गोष्ट विशेष आवडली. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, म्हणून आधी प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स झाला. रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन, जे कर्करोगातही वाढते) पहिल्यांदा ६.८ आला तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले; पण जंतुसंसर्गात हा आकडा वाढतो, तेव्हा सहा आठवड्यांनी पुन्हा करू, असे सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवले, आणि दुसऱ्यांदा तो ३.९ आला. गुदमार्गातून बोटाने ग्रंथी तपासली. ग्रंथी मोठी पण मऊ आणि सारखी होती, कोठे कठीण गाठ हाताला लागली नाही. सात प्रश्नांचा एक कागदही भरून घेतला. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५, आणि २० किंवा त्याहून जास्त झाले की त्रास तीव्र मानतात. मला २४ मिळाले. शाळेत असताना इतके गुण कोणत्या चाचणीत मिळाले होते ते आठवत नाही.

पर्याय सांगण्याची त्यांची पद्धत हे या विभागाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. प्रोस्टेटमुळे मूत्राशयात खडा झाला की ग्रंथीवर शस्त्रक्रिया करायचीच, असा पूर्वापार दंडक आहे; परंतु ज्यांची ग्रंथी लहान आहे, लघवी फारशी शिल्लक राहत नाही आणि गोळ्यांनी धार सुधारते, अशा काहींचा नुसता खडा काढून गोळ्यांवर ठेवणे आता स्वीकारले जाते, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. माझ्या बाबतीत ते का नको, तेही सांगितले. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी मी चार महिने घेतली होती. तिने धार थोडी सुधारली, पण अंथरुणातून उठताना भोवळ येई आणि एकदा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडता पडता वाचलो. ग्रंथी आक्रसवणारी ड्युटास्टेराइडची गोळी परिणाम दाखवायला सहा महिने घेते आणि खड्याला त्यातले काहीच कळत नाही. टॅमसुलोसिनविषयी आणखी एक गोष्ट तेथेच प्रथम कळली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी घेत असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचे, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडून लपलपतो. माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाचा मोतीबिंदू पुढच्याच महिन्यात काढायचा होता आणि ते तीच गोळी घेत होते, तेव्हा तो निरोप त्याच संध्याकाळी गेला.

शस्त्रक्रियेचे तीन मार्ग होते. पहिला, दुर्बिणीतून ग्रंथी विजेच्या तारेने खरवडणे, जिला सगळे टीयूआरपी म्हणतात. ती अनेक वर्षे मुरलेली आणि खात्रीची आहे, पण ८० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीसाठी वेळ आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. दुसरा, ओटीपोट उघडून खडा आणि ग्रंथी दोन्ही काढणे. तिसरा, होल्मियम लेसरने आधी खडा फोडणे आणि त्याच लेसरने ग्रंथी तिच्या आवरणापासून सोडवणे, म्हणजे होलेप. न्यूझीलंडमधील पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली आणि ग्रंथी कितीही मोठी असली तरी ती करता येते. येथे एक गंमत नोंदवतो. ओटीपोटातून संपूर्ण वाढ बोटाने सोलून काढण्याची शस्त्रक्रिया १९०० च्या सुमारास लंडनमध्ये रूढ करणारे पीटर फ्रायर हे आयरिश शल्यविशारद त्याआधी भारतीय वैद्यकीय सेवेत होते, आणि येथे त्यांचा लौकिक होता तो मूत्राशयातले खडे मूत्रमार्गातूनच चिरडून काढण्याचा. रामपूरच्या नवाबांचा खडाही त्यांनी तसाच काढला होता. म्हणजे माझ्यावर झालेल्या दोन्ही कामांची जोडी तशी जुनीच आहे. बोटाच्या जागी लेसर आला आणि पोटावरचा छेद गेला. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतला गर सोडवायचा, ही कल्पना मात्र तीच.

पैशांच्या बाबतीत माझा अनुभव मिश्र आहे. दिलेला अंदाज १,१५,००० रुपयांचा होता आणि अंतिम बिल १,१८,४०० झाले, म्हणजे फरक किरकोळ आणि त्याचे कारण कागदावर लिहिलेले. परंतु विम्याच्या खिडकीवर पॉलिसीची प्रत आठ दिवस आधी देऊनसुद्धा कॅशलेस नामंजूर झाल्याचे मला भरती झाल्यावर, सलाइन लावलेल्या हाताने, कळले. प्रोस्टेटची वाढ आणि मूत्रमार्गातील खडे या दोन्हींसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये पहिल्या दोन वर्षांची प्रतीक्षा असते आणि माझी पॉलिसी २० महिन्यांची होती. कलम पॉलिसीत छापलेले होते आणि मी ते वाचले नव्हते, हे मान्य. तरी ज्यांचे रोजचे कामच ते आहे त्यांनी आठ दिवसांत ते वाचायला हवे होते. मुलाला रात्री ठेव मोडण्याची धावपळ करावी लागली.

हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीने रक्त पातळ करणारी गोळी आधीच थांबवलेली होती. भूल मणक्यातून दिली, त्यामुळे कमरेखाली काही कळत नव्हते पण डोळे आणि कान जागे होते. भूलतज्ज्ञ बाईंनी पडदा थोडा बाजूला करून मला समोरचा टीव्ही पाहू दिला. मूत्राशयाची आतली भिंत गुळगुळीत असेल असा माझा समज होता. तिथे जाळीदार दोरखंडांसारख्या उभ्याआडव्या वळ्या होत्या, आणि हे सारे इतक्या वर्षांच्या जोर लावण्याने झाले, असे बाईंनी सांगितले. खाली खडा पडलेला होता, हळकुंडासारखा पिवळट-तांबूस, वरून गुळगुळीत आणि पाण्याच्या प्रवाहात किंचित डुलणारा. लेसरचा बारीक धागा त्याला टेकला की टिकटिक आवाज येई, पांढरी धूळ उडे आणि कवच सुटून पडे. आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळे होती. सर्व तुकडे धुऊन बाहेर काढल्यावरच ग्रंथीचे काम सुरू झाले, कारण सोडवलेली ग्रंथी मूत्राशयात ढकलून तेथे यंत्राने तिचा चुरा करून ओढून घेतात आणि त्या वेळी आत खडा असून चालत नाही. सगळे मिळून दोन तास दहा मिनिटे लागली. तुकडे मला नंतर झाकणाच्या बाटलीत दाखवले, मसुरीच्या डाळीएवढे.

त्या रात्रीची हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर तीन तोंडांची नळी असते. एका तोंडातून सलाइन मूत्राशयात सतत सोडतात, दुसऱ्यातून रक्तमिश्रित पाणी बाहेरच्या पिशवीत येते आणि तिसऱ्यातून आतला फुगा फुगवतात. वरची बाटली रिकामी होऊ देता कामा नये, कारण धुणे थांबले की रक्ताची गुठळी नळीत बसते. रात्री दोनच्या सुमारास नेमके तेच झाले. पत्नीचा डोळा लागला होता. ती जागी होऊन म्हणाली, ‘अहो, वरची बाटली कोरडी दिसतेय.’ खाटेजवळची घंटी दाबली तर वाजेना. ती चपला न घालता धावत गेली, तेवढ्यात माझे ओटीपोट दगडासारखे ताठ झाले आणि कळ इतकी वाढली की मला खाटेची दांडी सोडवेना. रात्रपाळीचे ब्रदर आले, त्यांनी मोठ्या सिरिंजने सलाइन आत मारून आणि ओढून तीन काळ्या गुठळ्या बाहेर काढल्या आणि पाच मिनिटांत मला स्वर्ग दिसला. त्या तरुणाचा हात इतका सराईत होता की त्याचे नाव मी अभिप्राय वहीत लिहिले आहे. तक्रार त्याच्याविषयी नाही. त्या रात्री त्याच्याकडे २२ खाटा होत्या आणि त्यांपैकी नळी धुण्यावर चार. इतक्यांच्या बाटल्यांवर एकटा माणूस डोळा ठेवू शकत नाही. तेव्हा ज्यांना हे करून घ्यायचे आहे त्यांनी पहिल्या रात्री सोबतीला जागे राहणारे, बाटली आणि पिशवीचा रंग पाहणारे कोणीतरी ठेवावे, आणि घंटी वाजते का हे भरती होतानाच दाबून पाहावे.

दुसऱ्या दिवशी पिशवीतले पाणी डाळिंबी रंगावरून फिकट गुलाबीवर आले, धुणे बंद झाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. पहिली लघवी मापाच्या भांड्यात करायची होती. १८० मिलिलिटर झाली आणि धारेचा जो आवाज त्या प्लॅस्टिकच्या भांड्यात आला तो मी किमान दहा वर्षांत ऐकला नव्हता. वॉर्डातल्या मावशींनी भांडे नेताना ‘काका, आता घरी जा,’ असे फर्मान काढले, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितले.

घरी गेल्यावर सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही, आणि याविषयी विभागाने आधी पुरेसे सांगितले नव्हते. पहिले तीन आठवडे लघवीची घाई इतकी असे की न्हाणीघर गाठेपर्यंत चार थेंब सुटत. खोकला आला की सुटत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम दिवसातून तीन-चारदा करायचा असतो, तो शस्त्रक्रियेच्या आधीपासून शिकवला तर अधिक उपयोगी पडतो, पण मला तो नळी काढल्यानंतर दोन मिनिटांत तोंडी सांगितला गेला. चौदाव्या दिवशी लघवीत एकदम लाल रंग दिसला. डिस्चार्ज कार्डावर दिलेल्या क्रमांकावर फोन केला, तो दुसऱ्या घंटेला उचलला गेला, आणि आतली खपली सुटताना असे होते, पाणी वाढवा, जड उचलू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र लगेच या, असे पलीकडून स्वच्छ मराठीत सांगितले गेले. दोन दिवसांत रंग निवळला. या फोनसेवेला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

संमतिपत्र मात्र इंग्रजीत होते. त्यात एक ओळ अशी होती की या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक पुरुषांत वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जाते. याने शरीराला अपाय होत नाही आणि ते लघवीबरोबर निघून जाते, पण ही गोष्ट पुरुषाला आधी, त्याच्या भाषेत, आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. मला वयाच्या ६९ व्या वर्षी त्याचे फार वाटले नाही. शेजारच्या खाटेवरच्या ५४ वर्षांच्या शेतकऱ्याला ते नळी काढल्यानंतर माझ्याकडून कळले, आणि तो बराच वेळ गप्प बसून राहिला. जे डॉक्टर केसपेपरच्या पाठीवर इतके चांगले चित्र काढू शकतात, त्यांच्या विभागात हे व्हावे याची मला अजून चुटपुट आहे.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. धारेची रेषा या वेळी टेकडीसारखी आली आणि टोक १९ वर गेले. शिल्लक लघवी १६० वरून २० मिलिलिटरवर उतरली. काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत कर्करोग नाही, साधी वाढ आहे, असा अहवाल आला. आवरणाचा भाग आत राहिलेला असल्याने पुढेही वर्षातून एकदा पीएसए करायचा आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे ती चिंता कायमची मिटली, असा माझा समज होता, तो दूर झाला. खड्याच्या पृथक्करणाचा अहवाल युरिक अॅसिड असा आल्यामुळे पाणी इतके प्यायचे की लघवी दिवसभर फिकट राहील, मांसाहार बेताचा, आणि रक्तातील युरिक अॅसिड पाहत राहायचे, असे सांगितले आहे. रात्री आता एकदा उठतो, कधी एकदाही नाही.

तीन महिन्यांच्या भेटीला गेलो तेव्हा माझ्या लेखी तक्रारीचे काय झाले ते पाहून घेतले. धारेच्या खोलीच्या दाराला आतून नवी कडी लागली होती. सोनोग्राफीबाहेर मराठीत फलक होता: पाणी पिण्यास सांगितल्यावर अर्ध्या तासात नंबर न लागल्यास खिडकीवर कळवावे. वॉर्डात जाऊन माझ्या जुन्या खाटेची घंटी मी दाबून पाहिली, वाजली. दुसऱ्या स्वच्छतागृहाला कुलूप तसेच होते.